हरणांची शिकार आणि लहान कॅलिबरची रायफल : एका मापाचा इतिहास

लहान कॅलिबरची रायफल हरणाच्या शिकारीस योग्य आहे काय, हा प्रश्न सामान्यतः शिकाऱ्यांच्या गप्पांचा विषय समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे त्यात काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेल्या या वादाची साधने कालक्रमाने वाचली असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, ‘लहान’ या शब्दाचा अर्थ दर पिढीस बदलत गेला आहे. दुसरी अशी की, ‘योग्य’ या शब्दाचा केंद्रबिंदू हळूहळू शिकाऱ्याच्या सोयीकडून जनावराच्या यातनेकडे सरकला आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १९६३ साली इंग्लंड व वेल्स यांसाठी हरणांविषयीचा कायदा केला. त्यात रायफलीसंबंधी तीन अटी होत्या : नळीचा किमान व्यास, गोळीची किमान ऊर्जा आणि गोळीची घडण. या तीन अटी म्हणजे त्या दीर्घ वादाच्या तीन कालखंडांनी मागे ठेवलेले तीन थर होत, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

१. मापाची भाषा

प्रथम मापाविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. जुन्या काळी बंदुकीचे माप ‘बोअर’ने सांगत. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात जितक्या भरत, तितक्या बोअरची ती बंदूक. १२ बोअरच्या गोळीचे वजन पौंडाचा बारावा हिस्सा आणि नळीचा व्यास सुमारे ०.७२९ इंच. अर्थात आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. पुढे लांबट गोळ्या प्रचारात आल्यावर हे माप गैरसोयीचे झाले आणि नळीचा व्यास इंचाच्या अंशांत सांगण्याची पद्धत रूढ झाली. यालाच कॅलिबर म्हणतात.

या संक्रमणकाळात ‘लहान बोअर’ हा शब्दप्रयोग आजच्या वाचकाची दिशाभूल करण्याजोगा आहे. १८५३ च्या एनफील्ड रायफलीचा व्यास ०.५७७ इंच होता. तिच्या तुलनेने ०.४५१ इंच व्यासाच्या व्हिटवर्थ रायफलीस त्या वेळी ‘लहान बोअर’ म्हणत. आज त्याच व्यासाची रायफल कोणीही मोठीच समजेल. तेव्हा १८६० च्या दशकातील एखादा लेखक लहान बोअरचा निषेध करतो, तेव्हा तो आजच्या ०.२२ इंची रायफलीविषयी बोलत नसतो. जुन्या मतांचा आधार घेऊन नव्या वादाचा निवाडा करणाऱ्यांनी हा भेद बहुधा पाळलेला नाही.

२. शिशाच्या गोळीचा काळ

काळ्या दारूच्या काळात गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नसे. वेग वाढत नाही म्हटल्यावर परिणाम वाढविण्याचा मार्ग एकच उरतो : गोळीचे वजन व व्यास वाढविणे. त्या काळच्या शिकाऱ्यांचा मोठ्या बोअरविषयीचा आग्रह केवळ रूढीचा नव्हता. उपलब्ध द्रव्यांच्या मर्यादेतून निघालेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष होता.

या मताचा एक प्रमुख पुरस्कर्ता आपल्या परिसराशी संबंधित आहे. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथाचा कर्ता जेम्स फॉर्सिथ याने सातपुड्याच्या रांगांत आणि १८६१ साली नागपूर राजधानी करून स्थापन झालेल्या मध्य प्रांताच्या जंगलांत सेवा केली. त्याचा हा प्रवासग्रंथ सुपरिचित आहे. परंतु त्याने १८६३ साली शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र शास्त्रीय पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. मोठ्या व्यासाची गोल गोळी, नळीतील आट्यांना अगदी मंद पीळ आणि दारूचा भरपूर भार, हा त्याचा सिद्धान्त होता. जंगलात सावज अनपेक्षितपणे समोर येते, अंतर मोजण्यास अवकाश नसतो. म्हणून नेहमीच्या अंतरात गोळी शक्य तितकी सरळ जावी आणि लागल्यावर जनावर जागीच पडावे, हा त्यामागील विचार. सांबरासारखे दोनशे किलोग्रॅमपलीकडे जाणारे जनावर आणि गर्द रान ही परिस्थिती लक्षात घेता हा विचार सयुक्तिक होता.

याच सुमारास दुसरी एक विचारसरणी पुढे येत होती. १८५६ साली लंडनचे बंदूककार पर्डी यांनी आपल्या नव्या रायफलीस आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ हे नाव दिले. हलकी गोळी व जास्त दारू हे तिचे सूत्र. पुढे एक्स्प्रेस रायफलींत अग्रभागी पोकळ असलेल्या गोळ्या सर्रास वापरात आल्या. हरणांवर त्यांचा परिणाम चांगला होई. परंतु जाड कातडीच्या व भक्कम हाडांच्या जनावरांवर त्या वरच्यावर फुटत. सॅम्युएल बेकर याने ‘वाइल्ड बीस्ट्स अँड देअर वेज’ (१८९०) या ग्रंथात या पोकळ गोळ्यांवर टीका करून भरीव शिशाच्या जड गोळीचा पक्ष घेतला. वेग हवा की वजन हवे, या पुढील शतकभर चाललेल्या वादाचा आरंभ येथे दिसतो.

३. धूरविरहित दारू आणि डमडम

१८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती वापरली गेली. ब्रिटनने १८८८ साली ०.३०३ इंची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिला कॉर्डाइट ही धूरविरहित दारू काही वर्षांनी मिळाली. वाढलेल्या वेगात उघडे शिसे नळीच्या आट्यांत टिकेना, म्हणून गोळीवर कठीण धातूचे कवच चढविण्यात आले. यामुळे एक अनपेक्षित अडचण निर्माण झाली. कवचाची बारीक गोळी शरीरातून आरपार जाई, पण आकार न बदलता. जखम अरुंद राही. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर लष्करातून या गोळीविषयी तक्रारी आल्या. त्यांवर उपाय म्हणून कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात गोळीचे टोक उघडे ठेवून ती लागताच पसरेल अशी योजना करण्यात आली.

या गोळीची पुढील कथा राजकीय इतिहासात नमूद आहे. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांस बंदी घातली. शिकारीच्या इतिहासात मात्र घडले ते याच्या उलट. मऊ टोकाच्या गोळीमुळेच ०.३०३ व तत्सम लहान व्यासाच्या रायफली हरणांच्या शिकारीस उपयुक्त ठरल्या. पसरलेली गोळी आपली बहुतेक शक्ती शरीरातच खर्च करते आणि हृदय वा फुप्फुस यांना रुंद इजा होऊन जनावर लवकर मरते. न पसरणाऱ्या गोळीने तेच जनावर कोसभर जाऊन झुडपात तासन् तास तडफडण्याचा संभव असतो. जी गोळी माणसावर झाडणे क्रूर ठरले, तीच हरणावर न झाडणे क्रूर ठरले. हा विरोधाभास वरवरचा आहे. युद्धात शत्रू लढण्यास असमर्थ झाला की हेतू साधतो, त्याहून अधिक इजा निरर्थक असते. शिकारीत जखमी पण जिवंत जनावर हेच अपयश असते.

४. वेगाचा मोह

विसाव्या शतकाच्या आरंभी लहान व्यासाचा प्रवास वेगाने सुरू झाला. अमेरिकेत चार्ल्स न्यूटन याने आखलेले ०.२२ सॅव्हेज हाय-पॉवर हे काडतूस १९१२ साली बाजारात आले. त्याची ७० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे २,८०० फूट वेगाने जाई. (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड.) त्याच्याच ०.२५० सॅव्हेजने १९१५ साली ८७ ग्रेनच्या गोळीस ३,००० फुटांचा वेग दिला. १९३५ साली आलेल्या विंचेस्टरच्या ०.२२० स्विफ्टने ४,००० फुटांची मर्यादा ओलांडली.

गोळीची ऊर्जा काढण्याची रीत सोपी आहे : ग्रेनमधील वजनास वेगाच्या वर्गाने गुणून ४,५०,२४० ने भागले की उत्तर फूट-पौंडांत येते. या रीतीने ०.२२ हाय-पॉवरची ऊर्जा सुमारे १,२२० फूट-पौंड येते, ०.२५० सॅव्हेजची सुमारे १,७४० आणि ४८ ग्रेन व ४,११० फूट वेग धरल्यास ०.२२० स्विफ्टची सुमारे १,८००. याउलट, निशाणबाजीच्या सरावासाठी घरोघर असणाऱ्या ०.२२ लाँग रायफल या काडतुसाची ऊर्जा सहसा १५० फूट-पौंडांच्याही आतच राहते. या काडतुसाचा आणि स्विफ्टचा व्यास जवळपास सारखाच. ऊर्जेत मात्र बारा-तेरा पटींचा फरक. केवळ कॅलिबर सांगून रायफलीची योग्यता सांगता येत नाही, हे या एका तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

परंतु याचा अर्थ ऊर्जा हेच पुरेसे माप आहे असाही नव्हे. हलकी व अतिवेगवान गोळी खांद्याच्या हाडावर लागली तर तेथेच फुटून विखुरण्याचा धोका असतो. वरवर भीषण जखम होते, पण जीवस्थान शाबूत राहते. कागदावर स्विफ्टची ऊर्जा ०.२५० सॅव्हेजहून अधिक दिसते. तरी ४८ ग्रेनच्या गोळीस मोठ्या हरणाच्या शरीरात खोल शिरण्याचे बळ ८७ ग्रेनच्या गोळीइतके नसते. म्हणजे बेकरने पोकळ गोळीवर घेतलेला आक्षेप नव्या वेशात परत आला होता.

५. साधनांची चिकित्सा

या वादात लहान कॅलिबरच्या बाजूने देण्यात येणारा पुरावा बहुतांशी शिकाऱ्यांच्या आठवणींतून येतो. ‘ब्लू टायगर’ (१९२४) या पुस्तकाचा कर्ता हॅरी कॅल्डवेल हा चीनच्या फुक्येन प्रांतातील अमेरिकन मिशनरी, त्याने ०.२२ हाय-पॉवर रायफलीने वाघ मारले. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत ०.२७५ इंची रायफलीने शेकडो हत्ती मारले. ज्या रायफलीने वाघ व हत्ती पडतात, तिने हरीण का पडू नये, असा युक्तिवाद यावरून नेहमी केला जातो.

या साधनांत खोटेपणा आहे असे मानण्याचे कारण नाही. दोष निवडीचा आहे. शिकारीची स्मृतिचित्रे पडलेल्या जनावरांची नोंद ठेवतात. जखमी होऊन रानात नाहीशा झालेल्या, रक्ताचा माग मध्येच तुटलेल्या जनावरांची मोजदाद क्वचितच कोणी केलेली आहे. शिवाय बेलसारख्या माणसाने हत्तीच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला होता आणि योग्य कोन मिळेपर्यंत थांबण्याचा संयम त्याच्या अंगी होता. त्याचे यश हे त्याच्या कौशल्याचे प्रमाण आहे, काडतुसाच्या सर्वसाधारण योग्यतेचे नव्हे. अपवादात्मक माणसाच्या अनुभवावरून सामान्य माणसासाठी नियम करता येत नाही आणि कायदा तर सामान्य माणसासाठीच असतो.

६. १९६३ चा कायदा व त्यानंतर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये हरणांना सर्रास छऱ्याच्या बंदुकीने मारले जाई व अनेक जनावरे जखमी होऊन निसटत. स्कॉटलंडमध्ये १९५९ साली, तर इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ साली कायदे झाले. १९६३ च्या कायद्याने ०.२४० इंचांहून कमी व्यासाची किंवा १,७०० फूट-पौंडांहून कमी ऊर्जेची रायफल हरणांसाठी निषिद्ध ठरविली आणि गोळी मऊ अथवा पोकळ टोकाचीच असावी असे बंधन घातले. हवेच्या बंदुकीही वर्ज्य झाल्या.

या तीन अटी मागील विवेचनाच्या प्रकाशात वाचाव्यात. व्यासाच्या अटीत फॉर्सिथ व बेकर यांच्या काळाचा अनुभव आहे, गोळीच्या घडणीच्या अटीत १८९० च्या दशकाचा, तर ऊर्जेच्या अटीत १९१२ नंतरच्या वेगयुगाचा. एकच अट असती तर काय झाले असते, हेही पाहण्याजोगे आहे. केवळ ऊर्जेची अट असती तर ०.२२० स्विफ्ट नियमात बसली असती. व्यासाच्या अटीने ती बाहेर राहिली. केवळ व्यासाची अट असती तर मोठ्या नळीची पण दुर्बळ काडतुसाची रायफल चालली असती. ऊर्जेच्या अटीने ती वगळली. १९५५ साली आलेले ०.२४३ विंचेस्टर मात्र १०० ग्रेनच्या गोळीसह सुमारे १,९५० फूट-पौंड देत असल्याने तिन्ही अटींत बसते.

पुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. स्कॉटलंडने १९८५ च्या आदेशात व्यासाची अट न घालता गोळीचे वजन, वेग व ऊर्जा अशी मापे ठरविली : सर्वसाधारणपणे १०० ग्रेन, २,४५० फूट व १,७५० फूट-पौंड, लहानशा रो हरणासाठी ५० ग्रेन, तोच वेग आणि १,००० फूट-पौंड. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ साली मुंटजॅक व चिनी जलमृग या दोन जातींपुरती ०.२२० इंच, ५० ग्रेन व १,००० फूट-पौंड इतकी सवलत देण्यात आली. तेथील मुंटजॅक म्हणजे आपल्याकडील भेकराचा चिनी भाऊबंद. त्याचे वजन दहा ते अठरा किलोग्रॅमच्या आसपास. ज्या मापाची रायफल १९६३ साली सरसकट अयोग्य ठरली, तीच लहान जनावरासाठी योग्य ठरली. अमेरिकेत राज्यागणिक नियम भिन्न आहेत : कोलोरॅडोत ०.२४, व्हर्जिनियात ०.२३ इंच अशी व्यासाची मर्यादा आहे, तर टेक्सासात रिमफायर काडतूस वर्ज्य करून बाकी निर्णय शिकाऱ्यावर सोपविलेला आहे.

७. भारतातील निराळी वाट

भारतातही कॅलिबरवर कायद्याचे नियंत्रण आले, पण त्याचा हरणाशी संबंध नव्हता. सैन्याची काडतुसे खाजगी बंदुकांत वापरली जाऊ नयेत या हेतूने ब्रिटिश सरकारने ०.३०३ सारखी लष्करी मापे सामान्य परवानाधारकास निषिद्ध केली. स्वातंत्र्यानंतरही ‘निषिद्ध बोअर’ ही संकल्पना शस्त्रकायद्यात कायम राहिली. भारतीय आयुध निर्माणीने शिकारी रायफल काढली ती म्हणूनच ०.३१५ इंचांची. ब्रिटनमधील मापाने हरणाच्या यातनेचा विचार केला, येथील मापाने राज्याच्या सुरक्षिततेचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचे परवानेच संपुष्टात आणले. त्यामुळे चितळ वा सांबर यांच्यासाठी कोणते कॅलिबर योग्य, हा प्रश्न येथे कायद्याने कधी सोडविला गेला नाही. तो उपस्थित होण्याचे कारणच नाहीसे झाले.

८. समारोप

एकंदरीत पाहता, मूळ प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही. ०.२२ लाँग रायफलसारखे दुर्बळ काडतूस कोणत्याही हरणास अयोग्य होय. वेगवान ०.२२ लहान जातींपुरते, योग्य गोळीनिशी, स्वीकारार्ह ठरले आहे. तांबडे हरीण वा सांबर यांच्यासारख्या मोठ्या जनावराच्या बाबतीत मात्र कुशल शिकाऱ्याचे यश सामान्य नियमाचा आधार होऊ शकत नाही. ‘लहान’ ही संख्या नसून गोळी, वेग, जनावर व नेमबाज यांच्यातील संबंध आहे. हा संबंध ओळखण्यास कायद्याला शंभर वर्षे लागली. ज्या जनावरांमुळे तो ओळखावा लागला, ती रानात जखमी होऊन नाहीशी झाली आणि त्यांची नोंद कोणत्याही शिकारग्रंथात नाही. या विषयाच्या पुढील अभ्यासकाने शिकाऱ्यांच्या आठवणींबरोबर या अनुपस्थित पुराव्याचाही हिशेब ठेवणे अवश्य आहे.