मुचकुंदेचे दुसरे पाणी

कालयवनाला केवळ दृष्टिक्षेपाने भस्म करणारा राजा मुचकुंद कथाकीर्तनांतून आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. विकाराबादनजीकच्या अनंतगिरीवर त्याने तप केले, श्रीकृष्णाचे चरण धुतले आणि त्या चरणतीर्थातून एक नदी उगम पावली, अशी त्या प्रांतातील श्रद्धा आहे. तीच मुचकुंदा, लोकांच्या जिभेवर ती मुसी झाली. उगमापाशी अनंतपद्मनाभाचे देवालय, आणि जेथे ती कृष्णेस मिळते त्या वाडपल्लीस अगस्त्येश्वर व लक्ष्मीनरसिंह. उगमी तीर्थ आणि संगमीही तीर्थ असलेल्या या नदीच्या काठी, मध्ये, हैदराबाद शहर वसले आहे. शहराने वापरून टाकलेल्या पाण्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न तेथे कित्येक दशके भिजत घोंगड्यासारखा पडून आहे. त्याचा इतिहास कोणत्याही वाढत्या शहराने ध्यानी घ्यावा असा आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. हे गृहस्थ महाराष्ट्रास अपरिचित नव्हते. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दारे बसविली होती. दख्खनच्या कालव्यांवर कोणत्या जमिनीस, कोणत्या पिकासाठी पाणी मिळणार हे आधीच ठरवून देणारी ‘ब्लॉक’ पद्धतीही त्यांचीच. हैदराबादेस त्यांनी सुचविल्याप्रमाणे शहराच्या वरच्या अंगास दोन जलाशय झाले: मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये, आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये. पूर आवरला गेला आणि शहरास पिण्याचे पाणीही मिळाले. भुयारी गटारांची आवश्यकताही त्यांनी प्रतिपादिली होती. सारांश, शहरात येणाऱ्या पाण्याची योजना दूरदृष्टीने झाली.

शहरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची कथा मात्र निराळी. शहराच्या खालच्या अंगास मुसीवर जुने बंधारे होते आणि त्यांतून पाट काढून भाताची शेती होत असे. शहर वाढले तसतसे सांडपाणी वाढले, आणि उन्हाळ्यात रोडावणारी नदी बारमाही वाहू लागली. शेतकऱ्याने त्या पाण्याची कुलकथा विचारली नाही. त्याने भात लावला, भाजीपाला केला, म्हशींसाठी पॅरा गवत लावले. आणि शहराचेच पाणी दूध होऊन शहराकडे परतू लागले. आणखी खाली, सूर्यापेटजवळ सोलिपेट येथे, १९६३ मध्ये मुसी प्रकल्पाचे धरण पुरे झाले. त्याच्याही साठ्यात शहराचे हे पाणी मिसळते. अशा रीतीने वापरलेल्या पाण्याची साठवण आणि सिंचन ही दोन्ही तेथे आपोआप उभी राहिली. नव्हती ती योजना.

योजनेच्या अभावी काय होते, हेही मुसीनेच दाखविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात शहराखालच्या सुमारे ४० किलोमीटरच्या प्रवाहाची तपासणी आहे. बंधाऱ्यामागे पाणी संथ होते, गाळ व जंतांची अंडी तळाशी बसतात, उन्हावाऱ्याने रोगजंतू मरतात. त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसे पाणी या दृष्टीने सुधारत गेले. परंतु क्षार उलट वाढत गेले. क्षार बंधाऱ्याने बसत नाहीत आणि उन्हाने जळत नाहीत. पाण्याची वाफ झाली तरी ते मागेच राहतात. शहरालगतच्या कित्येक शेतांत भात हटला आणि गवत आले, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत हे एक. साठवण कशाचे औषध आहे आणि कशाचे नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. कारखान्यांचे पाणी नदीस मिळण्यापूर्वीच वेगळे काढणे, हाच तेथे उपाय.

आता कायद्याकडे वळू. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. वरच्या जलाशयांच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी उद्योगांस १९९६ च्या सरकारी आदेशाने बंदी झाली, आणि तिच्यातून एका कारखान्यास दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अमान्य केली. पिण्याच्या पाण्यासाठी अशी तटबंदी उभारली गेली. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने तीही सैल केली. खालच्या शेतकऱ्यासाठी तशी तटबंदी झालीच नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात अंबरपेठ येथे दररोज ३३ कोटी ९० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र झाले, नागोल येथेही झाले. हे इष्टच होय. परंतु पाणी शुद्ध झाले की त्यास किंमत येते, आणि किंमत आली की गिऱ्हाईक उभे राहते. उद्या ते पाणी कारखान्यांस किंवा उद्यानांस देण्याचे ठरले, तर पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शेती करणाऱ्याने कोणता कागद दाखवावा? घाण होती तोवर ती त्याच्या पदरी टाकली. निवळल्यावर ती त्याची नव्हे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

म्हणून आमचे मत असे की, सांडपाण्याच्या पुनर्वापराची योजना केवळ यंत्रांची नसावी. कोणत्या गावास किती पाणी, कोणत्या गुणवत्तेचे, कोणत्या पिकासाठी, आणि गुणवत्ता ढळल्यास उत्तरदायी कोण, हे तीत आधी लिहिले जावे. निवळण्यासाठी तळी असावीत, तसेच शेतातून क्षार वाहून नेणारे चरही असावेत. विश्वेश्वरय्यांनी कालव्याच्या पहिल्या पाण्यास जो लेखी नियम लावला, तसा या दुसऱ्या पाण्यास लावणे मुळीच अशक्य नाही.

आपल्या देवळांच्या तळ्यांवर पाय कोठे धुवावे आणि तीर्थ कोठे घ्यावे, याचा दंडक असतो. तो पाळला जातो म्हणून तळे टिकते. अनंतगिरीचे तीर्थ वाडपल्लीपर्यंत तीर्थच राहावे असे वाटत असेल, तर मधल्या वाटेवरही असा दंडक घालून द्यावयास हवा.