दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया आणि दातृस्थानाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शरीरातील एखादी उणीव भरून काढण्यासाठी शेजारची वा दूरची ऊती वापरणे हे पुनर्रचना शस्त्रक्रियेचे मूलतत्त्व होय. ही ऊती जेथून घेतली जाते, त्या जागेस दातृस्थान म्हणता येईल. पुण्यात कावसजी या गाडीवानाच्या कापलेल्या नाकावर झालेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शस्त्रक्रियेत कपाळाची त्वचा वापरली होती आणि कपाळावरील व्रण सर्वांना दिसत होता. टाळूच्या शस्त्रक्रियेत मात्र दातृस्थान तोंडाच्या आतच असते. त्यामुळे त्याची किंमत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

टाळू जोडण्याचे प्रयत्न

बर्लिनमध्ये ग्रेफे यांनी १८१६ मध्ये, तर पॅरिसमध्ये फिलिबेर रू यांनी १८१९ मध्ये मृदू टाळूच्या दुभंगलेल्या कडा शिवल्या. रू यांचा रुग्ण जॉन स्टीफन्सन हा कॅनडातून आलेला वैद्यकाचा विद्यार्थी होता. १८२० मध्ये त्याने एडिंबरो येथे याच शस्त्रक्रियेवर प्रबंध सादर केला. कठीण टाळूचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण हाड सरकत नाही. लांगेनबेक यांनी १८६१ मध्ये यावर मार्ग काढला. दोन्ही बाजूंस दातांलगत छेद देऊन, हाडावरील आवरण श्लेष्मल त्वचेसह सोडवून ते मध्यभागी आणले जाई. १९३७ मध्ये इंग्लंडमधील वॉर्डिल व किल्नर यांनी उच्चार सुधारावेत म्हणून टाळू मागे ढकलून लांब करण्याची पद्धत मांडली. मात्र तीत टाळूच्या पुढच्या भागातील हाड उघडे राही.

जखम भरली, पुढे काय?

उघडे हाड काही आठवड्यांत नव्या ऊतीने झाकले जाते. शस्त्रवैद्याच्या दृष्टीने रुग्ण येथे बरा झालेला असे. परंतु तेथील व्रण आकसतो आणि बालकाचा वरचा जबडा तर अजून वाढत असतो. परिणामी दातांची कमान आत ओढली जाते व चेहऱ्याचा मधला भाग मागे राहतो. हा परिणाम स्पष्ट होण्यास दशकाहून अधिक काळ लागतो. १९४९ मध्ये अमेरिकेतील ग्रेबर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जबड्याची वाढ खुंटल्याचे दाखविले. जर्मनीत मारबुर्ग येथे श्वेकेनडीक यांनी १९४४ पासून मृदू टाळू लवकर जोडून कठीण टाळू बरीच उशिरा मिटविण्याचा क्रम अवलंबिला. तेथील रुग्णांची १९८४ मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जबड्याची वाढ चांगली, पण बोलणे सदोष आढळले. १९९० मध्ये मार्स व ह्यूस्टन यांनी श्रीलंकेतील शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्या वरच्या जबड्यात जवळपास सामान्य वाढीची क्षमता होती. वाढ खुंटण्यात जन्मजात दोषापेक्षा शस्त्रक्रियेच्या व्रणाचा वाटा मोठा असल्याचे यातून सूचित झाले.

समारोप

यावरून शस्त्रक्रिया टाळावी असा निष्कर्ष निघत नाही. टाळू उघडी राहिल्यास वाचा सदोष राहते व गिळणेही अवघड होते. म्हणूनच पुढील काळात हाड कमीत कमी उघडे ठेवण्याकडे कल वाढला. १९८६ मध्ये फर्लो यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत मृदू टाळूतील ऊतींचीच फेरमांडणी करून तिला लांबी देते. या इतिहासात तंत्राइतकीच ‘बरे होणे’ या संकल्पनेची व्याप्ती बदललेली दिसते. प्रारंभी भरलेली जखम हा यशाचा पुरावा मानला गेला. पुढे वाढलेल्या मुलाचा चेहरा आणि त्याची वाचा हे निकष ठरले.