स्वनामकथनाची रीति व इंग्रजीचा पहिला पाठ

भिवंडी तालुक्यांतील अकलोली हें तानसा नदीकांठचें गांव उष्णोदकाच्या कुंडांमुळें प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीचें देवालय जवळच असल्यामुळें परगांवचा यात्रेकरू येथें नेहमीं येतो. ‘आपण कोण, कोठले?’ हा प्रश्न अशा गांवीं नित्याचाच. इ. स. २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले, आणि ‘माय नेम इज अमुक’ हें उत्तर लहान मुलांच्या तोंडीं आलें. वाक्य क्षुल्लक दिसतें. परंतु आपल्या जुन्या स्वनामकथनाशेजारीं तें ठेवून पाहिल्यास, समाज मनुष्याला कशावरून ओळखतो हें त्यावरून उमगतें.

वडिलांस वंदन करतांना स्वतःचें नांव उच्चारावें, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. प्रचलित अभिवादनांत प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा यांचा उच्चार होऊन शेवटीं नांव येतें. कुळ आधीं, व्यक्ति मागाहून. आणि हा अधिकारही उपनयन झालेल्यांपुरताच.

मोडी दस्तऐवजांत तऱ्हा निराळी. तेथें ‘अमुक बिन अमुक, मौजे अमुक’ अशी पित्यावरून व गांवावरून ओळख पटते. स्त्रीच्या नांवापुढें ‘कोम’ घालून पतीचें नांव येतें. निरक्षर कुणबी सहीच्या जागीं नांगराची निशाणी करी. त्याचा धंदा हीच त्याची ओळख.

इंग्रजी पाठांत मूल प्रथम स्वतःचेंच नांव सांगतें. गोत्र कोणी विचारीत नाहीं, शाखा कोणी विचारीत नाहीं. ज्या घरांत अभिवादनाचा अधिकार कधींच पोंचला नाहीं, तेथील मुलाला हें वाक्य इतरांच्या बरोबरीनें उच्चारतां येतें. हा लाभ लहान नव्हे. मात्र आडनांव जोडतांच जात पुष्कळदां कळून येते, हेंही विसरतां कामा नये.

नवशिक्यास अडचण पडते ती पुढील वाक्यांत. ‘आय ॲम फ्रॉम अकलोली’ आणि ‘आय लिव्ह इन भिवंडी’ यांतील भेद आमच्या दस्तऐवजांतील ‘मूळ राहणार’ व ‘हल्ली मुक्काम’ या शब्दांनीं तत्काळ समजतो. दोन भाषा शेजारीं ठेवण्याची ही रीति नवी नाहीं; १८३२ सालीं निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’त मराठी व इंग्रजी मजकूर जोडीनेंच छापला जाई.

ता. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत, सरकारी कागदोपत्रीं, प्रथम मुलाचें, मग मातेचें, त्यानंतर पित्याचें नांव व शेवटीं आडनांव लिहावें, असें महाराष्ट्र शासनानें ठरविलें. ‘बिन’ व ‘कोम’ यांनीं भरलेल्या दप्तरांशीं परिचित असलेल्या वाचकांस या फेरफाराचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

सनदा व महजर आपण जपतों, तें योग्यच. परंतु शाळकरी मुलांच्या जुन्या इंग्रजी वह्या व पहिलीं पुस्तकें रद्दींत जातात. मनुष्य स्वतःला कोण म्हणवितो याचा पुरावा त्यांतही आहे. संग्राहकांनीं त्यांस आपल्या दप्तरांत जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे.