जडाचा वाटा

भोपाळच्या रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस अशोका गार्डन नावाची वस्ती आहे. नावात बाग असली तरी आज तेथे घरास घर लागलेले आहे. आमचे एक मावसभाऊ तेथे राहतात. त्यांचे वडील गोमंतकातून ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’च्या कारखान्यात नोकरीस गेले आणि तिकडचेच झाले. त्या घरात आपसांत कोकणी, देवापुढे मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा व्यवहार आजही चालतो. मावसभावांनी आम्हांस बोलाविले ते मृत्युपत्राचा मसुदा करण्यासाठी. अपत्ये दोन. कन्या महाविद्यालयात शिकते. एकोणीस वर्षांचा मुलगा जन्मापासून मतिमंद आहे. “कायद्याने ह्याला वाटा आहे ना?” एवढेच त्यांस विचारावयाचे होते. “आहे,” असे आम्ही तत्काळ सांगितले. परंतु हे एका शब्दाचे उत्तर देता येण्यास आपल्या समाजाला किती शतके लागली, ते पाहण्यासारखे आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागास अपात्र अशांची गणना आहे. जन्मांध, बधिर, उन्मत्त, मुका यांच्याबरोबर तेथे ‘जड’ही आहे. त्याला वाटा नाही. मात्र त्यास अन्नवस्त्र न देणारा पतित होय, असेही तेथेच बजाविले आहे. याज्ञवल्क्याचा नियम असाच असून विज्ञानेश्वराने कल्याणीस चालुक्यांच्या आश्रयाने लिहिलेल्या मिताक्षरेत तो विस्ताराने विवरिला आहे. जडाचा पुत्र निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळे. म्हणजे शाखा तुटत नसे, माणूस तेवढा वगळला जाई. पोट भरावे पण हक्क नसावा, ही ती व्यवस्था. तिला निर्दय म्हणता येत नाही, आणि न्याय्यही म्हणवत नाही.

ह्या व्यवस्थेचे चित्र श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधात आहे. जडभरताच्या पित्याने वसंत व ग्रीष्म असे चार महिने त्यास गायत्री शिकविण्याचा प्रयत्न केला. ती काही त्याला आली नाही. पिता निवर्तल्यावर भावांनी शिकविणे सोडले, मिळेल ते अन्न त्याच्या पुढ्यात टाकले आणि शेताची कामे त्याच्याकडून करून घेतली. पुढे राजा रहूगणाच्या पालखीस खांदा देताना तो बोलला आणि राजाने त्याचे पाय धरले. पुराणिक हा भाग रंगवून सांगतात. आमच्या मते मात्र पालखीच्या आधीचे ते चार महिनेच अधिक मननीय आहेत. भरत अंतर्यामी ज्ञानी होता म्हणून कथेची सांगता गोड होते. जो खरोखरच मंदबुद्धी आहे, त्याच्यासाठी कोणताही रहूगण वाटेत थांबत नाही.

इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी अपात्रतेचा हा नियम चालविला. 1928 साली हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायदा झाला. रोग, व्यंग अथवा शारीरिक वा मानसिक दोष एवढ्याच कारणाने कोणासही वारशातून वगळू नये, असे त्याने ठरविले. आंधळा, बहिरा, पांगळा आत आला. परंतु त्याच कलमात एक अपवाद राहिला : जो जन्मापासून वेडा किंवा जड असेल, तो खेरीज करून! सर्वांसाठी दार उघडताना नेमका हाच एक बाहेर ठेवला गेला. आपल्या कायदेमंडळास एकट्यालाच दोष देऊ नये. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक् विरुद्ध बेल ह्या खटल्यात अशा व्यक्तींची सक्तीने नसबंदी करणे वैध ठरविले होते. आपल्याकडील अपवाद आणखी 28 वर्षे टिकला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 28 व्या कलमाने तो संपविला. गोमंतकात पोर्तुगीज दिवाणी संहितेने अपत्यांचा हिस्सा राखून ठेवलेला असल्यामुळे आपल्यापैकी अनेक कुटुंबांस हा झगडा ठाऊकही नसावा.

वाटा मिळाला, विद्येचे काय? 1944 साली मुंबईत वकील नामक पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा. 1964 मध्ये पुण्यास ‘कामायनी’ निघाली, 1977 मध्ये नाशिकला रजनी लिमये यांनी ‘प्रबोधिनी’ सुरू केली. आपल्या फोंड्याजवळ ढवळीस ‘लोकविश्वास प्रतिष्ठान’ हे कार्य करीत आहे. पुष्कळदा ह्या शाळा सरकारच्या आधी आईबापांनी उभ्या केल्या, हे विसरता येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवण्यास 32 व्या कलमात सांगितले. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जागा भरल्याच पाहिजेत असे बजाविले. ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांत बौद्धिक दिव्यांगही येतात. परंतु जागा राखल्या तरी प्रवेशाची पात्रता होती तशीच राहिली. अंध विद्यार्थी बारावीचे प्रमाणपत्र घेऊन येतो आणि त्या जागेवर बसतो. मतिमंदास ते प्रमाणपत्रच मिळविणे दुर्घट, म्हणून जागा त्याच्या नावावर असूनही त्याची होत नाही. 1928 च्या कायद्यात त्यास शब्दांनी वगळले होते. आता शब्दांनी घेतले आहे आणि अटीने वगळले आहे. अठरावे वर्ष ओलांडल्यावर आईबाप आमच्याकडे येतात ते 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घेण्यासाठी. अठराव्या वर्षानंतर कायदा पालक देतो, शिक्षक देत नाही.

अन्यत्र हे कोडे काहींनी सोडविले आहे. 1987 साली कॅनडात एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात पालकांच्याच खटपटीने अशा तरुणांस नेहमीच्या वर्गांत बसविण्यास प्रारंभ झाला. वर्ग तोच, सोबती तेच; वाचावयाचे व लिहावयाचे मात्र विद्यार्थ्याच्या आवाक्यानुसार. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने अशा मान्य अभ्यासक्रमांतील बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्यांस, शालान्त प्रमाणपत्र नसले तरी, सरकारी शिष्यवृत्तीची वाट मोकळी केली. ‘पदवीची परीक्षा ज्याला झेपणार नाही त्याने तेथे जावे कशाला?’ असा आक्षेप सुज्ञांकडूनही ऐकू येतो. पंचतंत्राच्या आरंभी अमरशक्ती राजाचे तीन मंद पुत्र आहेत. एकट्या व्याकरणासच बारा वर्षे लागतात असे राजाला सांगण्यात येते. विष्णुशर्मा सहा महिन्यांची मुदत मागतो आणि व्याकरण बाजूस ठेवून पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगतो. शिष्य तेच राहिले, पाठ बदलला. आपल्या विद्यापीठांसही बारावीची अट नसलेला एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नेहमीच्या महाविद्यालयातच चालविता येणे अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. भोपाळपुरते बोलावयाचे तर तेथील भोज मुक्त विद्यापीठाने विशेष शिक्षणाचे बी. एड. अभ्यासक्रम चालविले आहेत. अशांस शिकवू शकणारी माणसे त्या शहरास अपरिचित नाहीत.

मृत्युपत्राचे काम तासाभरात उरकले. मावसभावांनी मग दुसरा प्रश्न काढला : विशेष शाळेची मुदत संपली, आता ह्याने सकाळी उठून जावे कोठे? कन्या रोज दप्तर घेऊन बसच्या थांब्याकडे निघाली, की हा सज्जात उभा राहून विचारतो, “आनी हांव?” आम्ही 32 वे कलम त्यांस वाचून दाखविले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

साक्षीदारांच्या सह्या चालू असता मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्यालाही सही करावयाची होती. मृत्युपत्रावर त्याच्या सहीचे प्रयोजन नव्हते. आम्ही एक कोरा कागद पुढे केला. त्याने आपले नाव देवनागरीत, काना-मात्रा न चुकविता, सावकाश लिहिले. खाली तारीख घालावयाची असते हे त्याला ठाऊक होते, तीही त्याने घातली.