गूगलवर तुमचं पान कसं दिसतं? शीर्षकात ‘होम’ नको, माल आणि गावाचं नाव हवं

संगमनेर : दुकान असो, पतसंस्था असो की रोपवाटिका, गूगलवर शोधणाऱ्याला संकेतस्थळाच्या आधी दोन गोष्टी दिसतात. मोठ्या अक्षरातली ओळ म्हणजे शीर्षक आणि तिच्याखालचा बारीक मजकूर म्हणजे वर्णन. उघडायचं की पुढं जायचं, हे माणूस तेवढ्यावरच ठरवतो. आणि नेमकं तिथंच बऱ्याच जणांचं नुसतं ‘होम’ नाहीतर ‘वेलकम’ असतं.

समजा, घुलेवाडीत तुमची डाळिंबाची रोपवाटिका आहे. सिन्नरच्या शेतकऱ्याला तुमच्या फर्मचं नाव माहीत नाही. तो ‘डाळिंब रोपे संगमनेर’ असं टाकणार, किंवा मोबाईलला बोलून विचारणार. म्हणून शीर्षकात आधी माल, मग गाव, शेवटी फर्म : ‘भगवा डाळिंब रोपे, संगमनेर’ आणि पुढं तुमचं नाव. ‘नंबर वन’, ‘सर्वोत्तम’ असं कुणी शोधत नाही; ते शब्द जागा तेवढी खातात.

आपल्याकडची खरी अडचण जिल्ह्याच्या नावाची आहे. अहमदनगरचं अहिल्यानगर ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृत झालं, पण बोटांची सवय एवढ्यात जात नाही. शोधणारे दोन्ही नावं टाकतात. तेव्हा शीर्षकात नवं नाव ठेवा आणि वर्णनात एकदा ‘पूर्वीचे अहमदनगर’ लिहा. बोलण्यात आपण नुसतं ‘नगर’ म्हणतो, ते इथं चालत नाही. राज्यात नगरं ढीगभर आहेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला ‘पुणे-नाशिक महामार्ग’ म्हटलं की लगेच उमगतं. इंग्रजी लिपीत ‘संगमनेर’ टाकणारेही पुष्कळ, म्हणून पानावर एकदा त्या लिपीतही पत्ता असावा.

लांबी किती? गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, स्क्रीनवर मावेल तेवढं दिसतं, बाकी कापलं जातं. अक्षरं मोजणारी साधनं मराठीत फसवतात. ‘संगमनेर’मध्ये आपल्याला अक्षरं पाच दिसतात, पण संगणक अनुस्वार आणि मात्रा वेगळे धरून सात मोजतो. तेव्हा आकड्यामागं न लागता मोबाईलवर पाहा आणि कामाचे शब्द सुरुवातीला घ्या.

वर्णनामुळं क्रमांक वर जात नाही, पण माणूस क्लिक करतो ते त्यामुळं. ‘भगवा वाणाची रोपे. बुकिंग व दरासाठी फोन करा. पुणे-नाशिक महामार्गालगत, घुलेवाडी, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ एवढं पुरे. गूगल कधी कधी ते सोडून पानावरचाच मजकूर उचलतं, शीर्षकही बदलतं. पान आणि शीर्षक एकमेकांशी जुळत असेल तर असं होण्याची शक्यता कमी.

‘कीवर्ड’च्या रकान्यात शंभर शब्द कोंबून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. क्रमवारीसाठी आपण तो रकाना वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक हवं. दर, संपर्क, वाण ही तीन पानं एकाच नावानं ठेवू नका. वर्डप्रेसवर एसईओच्या प्लगिनमध्ये हे दोन्ही रकाने मिळतात, नाहीतर साइट बनवणाऱ्याला सांगा. बदल केल्यावर ‘सर्च कन्सोल’मधून पान पुन्हा तपासायची विनंती करता येते. नवी ओळ दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात.