जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलताय? रॅम घेण्याआधी एवढं तपासा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० आणि किमान ४ जीबी रॅम लागते. त्यामुळे डीटीपी सेंटर, झेरॉक्सची दुकानं, पतसंस्था आणि घरोघरचे दहा-बारा वर्षांचे असेंबल्ड कॉम्प्युटर आता दुरुस्तीच्या टेबलावर येऊ लागले आहेत. कॅबिनेट, हार्डडिस्क, मॉनिटर तेच ठेवून फक्त बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा, असा बहुतेकांचा हिशेब असतो. जुनी रॅम नव्या बोर्डवर चालेल, असंही धरून चाललं जातं. हिशेब चुकतो तो इथेच.

त्यातच २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. चुकीची पट्टी घेतली तर नुकसान आता पूर्वीपेक्षा जास्त. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं गिऱ्हाईक बंगळुरूच्या एसपी रोडवरून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन माल मागवत असेल, तर परत पाठवण्याचा खर्च आणि खोळंबा वेगळाच.

आधी पिढी ओळखा

रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. प्रत्येक पिढीत ती वेगळ्या जागी असते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८ पिना. पिना सारख्या दिसल्या तरी खाच जुळत नाही. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. स्लॉट फुटतो आणि बोर्ड हातचा जातो.

कोणत्या प्रोसेसरला कोणती रॅम, हे ढोबळमानाने असं:

- इंटेल दुसरी व तिसरी पिढी (सॉकेट ११५५), चौथी पिढी (सॉकेट ११५०): डीडीआर३
- सहावी व सातवी पिढी (सॉकेट ११५१): बहुतेक बोर्डवर डीडीआर४, काहींवर डीडीआर३एल
- आठवी व नववी (सॉकेट ११५१, पण बोर्ड वेगळे), दहावी व अकरावी (सॉकेट १२००): डीडीआर४
- बारावी ते चौदावी (सॉकेट १७००): बोर्डनुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५
- एएमडी एएम४: डीडीआर४, एएम५: फक्त डीडीआर५

सर्वांत जास्त घोळ सॉकेट १७०० मध्ये होतो. एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारांत मिळतो. काही कंपन्या डीडीआर४ वाल्या बोर्डच्या नावापुढे ‘डी४’ असं लिहितात. दोन्ही प्रकारचे स्लॉट असलेला बोर्ड सहसा मिळत नाही. तेव्हा बिल करण्याआधी बोर्डचं पूर्ण नाव खोक्यावरून वाचून घ्यावं. ‘एच६१’ आणि ‘एच६१०’ ही नावंही ऐकायला सारखी वाटतात. पहिला डीडीआर३ चा जुना बोर्ड, दुसरा बाराव्या पिढीपासूनचा. फोनवर ऑर्डर देताना एका शून्याने सगळा माल बदलतो.

किती जीबी चालेल?

बोर्डला दोन मर्यादा असतात: एकूण किती आणि एका स्लॉटमध्ये किती. एच६१ बोर्डला सहसा दोनच स्लॉट असतात आणि कमाल १६ जीबी, म्हणजे ८-८ च्या दोन पट्ट्या. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या साध्या बोर्डवर डीडीआर३ ची १६ जीबीची एकच पट्टी चालत नाही. ३२ बिटचं विंडोज असेल तर जास्त रॅम टाकूनही ४ जीबीच्या वर उपयोग होत नाही; त्यासाठी ६४ बिट विंडोज टाकावं लागतं.

वेग आणि लेबल

डीडीआर३ मध्ये १३३३, १६००. डीडीआर४ मध्ये २४००, २६६६, ३२०० हे नेहमीचे वेग. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात. ३२०० ची पट्टी २६६६ च्या बोर्डवर साधारणपणे चालते, पण २६६६ नेच. म्हणून बोर्ड पेलणार नाही त्या वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. काही लेबलवर वेगाऐवजी ‘पीसी३-१२८००’ किंवा ‘पीसी४-२५६००’ असं असतं. त्या मोठ्या आकड्याला ८ ने भागलं की वेग निघतो: १२८०० भागिले ८ म्हणजे १६००.

स्वस्त मालात काय पाहायचं

सर्व्हरमधून निघालेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम सेकंडहँड बाजारात स्वस्त दिसते. साध्या डेस्कटॉप बोर्डवर ती चालत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ मध्ये ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डवर बहुधा चालू होत नाहीत. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही. डीडीआर३एल (१.३५ व्होल्ट) जुन्या डीडीआर३ बोर्डवर सहसा चालते, उलट, डीडीआर३एल मागणाऱ्या बोर्डवर १.५ व्होल्टची पट्टी लावू नये.

बोर्ड काढण्याआधी

सध्या कोणती रॅम आहे ते सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये दिसतं. नव्या बोर्डसाठी कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या रॅमची यादी असते, ती पाहावी. डेटाची आणि टॅलीची कॉपी बाहेर काढून ठेवावी. कंपनीने कॉम्प्युटरसोबत दिलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा त्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की नवं घ्यावं लागू शकतं. डीटीपीवाल्यांनी आणखी एक पाहावं: जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत असेल, तर नव्या बोर्डवर ते पोर्ट बहुतेक नसतंच. ब्रँडेड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये आणि पॉवर सप्लायवर बाजारातला बोर्ड बसेलच असंही नाही.

लावताना आणि लावल्यावर

चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. त्याने ड्युअल चॅनल चालू होतं. एका १६ च्या पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन त्यामुळे बऱ्या. बीप वाजून स्क्रीन काळीच राहिली तर वीज काढून पट्टी पुन्हा नीट बसवावी, जुनी असेल तर पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात. डीडीआर५ वर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाईने बंद करू नये. सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६ एकदा पूर्ण चालवावं, आणि ते परत करण्याची मुदत संपण्याआधी.

बिल पक्कं घ्यावं, त्यावर पट्टीचा सिरीयल नंबर असावा. वॉरंटी त्यावरच मिळते. रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घेतला तर धंद्याच्या कॉम्प्युटरसाठी त्याचं क्रेडिट मिळू शकतं.

शेवटी हिशेब साधा आहे. काम टायपिंग, बिलिंग आणि ब्राउझरपुरतं असेल आणि विंडोज ११ ची गरज नसेल, तर जुन्याच बोर्डवर डीडीआर३ ८ किंवा १६ जीबी करून एसएसडी लावणं स्वस्तात पडतं. मात्र सपोर्ट संपलेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. बोर्ड बदलायचाच असेल तर आधी बोर्ड ठरवावा, मग त्याला लागेल ती रॅम. घरात डीडीआर४ पडून असेल तर डीडीआर४ चा बोर्ड शोधण्यात पैसे वाचतात. डीडीआर३ पडून असेल, तर नव्या बोर्डच्या बजेटात तिचा आकडा शून्य धरावा.