ऱ्हीसस माकडिणींतील वार्धक्यजन्य अस्थि-संधिबदल

ऱ्हीसस माकडाच्या (मॅकाका मुलाटा) मादीत वाढत्या वयाबरोबर हाडे व सांधे यांत होणारे बदल. तिचे एक वर्ष मानवाच्या सुमारे ३ वर्षांएवढे मानतात. साधारण १० व्या वर्षी हाडांची घनता कमाल असते. २५ च्या सुमारास ऋतुनिवृत्ती होऊन ईस्ट्रोजेन घटते व हाडांची झीज भरून निघेनाशी होते. गुडघ्यातील कूर्चा खरबरीत होऊन भेगाळते, सांध्याच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, मणक्यांमधील चकत्या पातळ होतात. प्वेर्तो रीकोजवळील कायो सांतियागो बेटावर १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या माकडांचे वंशज मुक्त वावरतात. वय व मातृवंश नोंदलेले त्यांचे सांगाडे जतन केल्यामुळे स्त्रियांतील अस्थिसुषिरता व संधिवात यांच्या अभ्यासाला मोलाचा आधार मिळाला आहे.